कुठे दुखते? : पोलिश भाषेतील सप्तमी

बालरोगतज्ज्ञाचा सारा व्यवसाय एका प्रश्नाभोवती फिरतो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ‘कुठे दुखते, बाळा?’ हा तो प्रश्न. आपल्या बेळगावात तो दिवसभरात दोन भाषांत विचारावा लागतो. एका खुर्चीवरील मुलाला ‘कुठं दुखतंय?’ आणि पुढच्याला ‘एल्लि नोवु?’ उत्तरे येतात ती अशी : पोटात, कानात, घशात, किंवा ‘होट्टेयल्ली’, म्हणजे पुन्हा पोटातच. शाळेत आपण ज्या विभक्तीला सप्तमी म्हणत होतो आणि जिचे ‘त, ई, आ’ हे प्रत्यय छडीच्या धाकाने पाठ करीत होतो, त्या विभक्तीतच आपले रुग्ण आपल्याशी बोलतात, हे मात्र तीस वर्षे तपासण्या करूनही माझ्या कधी ध्यानात आले नव्हते. ते ध्यानात आणून दिले माझ्या साडेचार वर्षांच्या नातीने आणि तेही पोलिश भाषेत. त्या निमित्ताने पोलिश सप्तमीचा जो थोडा अभ्यास घडला, तो या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी नाही. एका आजोबांची ही टिपणवही आहे, असे समजून वाचावे.

एक चुकलेले निदान

माझी कन्या नोकरीनिमित्त पोलंडमधील क्राकुफ शहरात गेली आणि तेथेच तिने संसार थाटला. जावई पोलिश. नात आईशी मराठीत, वडिलांशी पोलिशमध्ये आणि बाहुल्यांशी दोन्ही भाषांत बोलते. आजारी पडली की मात्र ती फक्त पोलिश बोलते. दुखण्याची भाषा तीच असते, जी मूल दिवसातून सर्वांत अधिक वेळ ऐकते. हे आपण दवाखान्यात नेहमी पाहतो. ‘दुखते’ या अर्थी पोलिशमध्ये शब्द आहे ‘बोली’. मराठी कानाला हा शब्द ऐकून नवल वाटल्यावाचून राहत नाही. ‘ग्जे बोली?’ म्हणजे ‘कुठे दुखते?’ नातीसाठी मी पोलिश शिकू लागलो तेव्हा पहिले वाक्य पाठ केले ते हेच.

गेल्या जानेवारीत एके रात्री दोन वाजता दूरध्वनी खणखणला. हिवाळ्यात त्यांच्या आणि आपल्या घड्याळात साडेचार तासांचे अंतर असते. तिकडे साडेनऊ वाजले होते. नातीला दोन दिवस सर्दी आणि आता ताप. ती कोणालाच काही सांगेना. पडद्यावर मी दिसताच रडे जरा थांबले. कन्या तापमापक आणावयास आत गेली आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने विचारले, ‘ग्जे बोली?’ हुंदक्यातून उत्तर आले ते मला ‘व्ह ब्झुहू’ असे ऐकू आले. ‘ब्झुह’ म्हणजे पोट हे मी चित्रांच्या पुस्तकात नुकतेच शिकलो होतो. कन्या परत येताच मी सांगितले, ‘पोटात दुखते म्हणते. पोट दाबून पाहा.’ रडणाऱ्या मुलाचे पोट दाबले की ते ताठ लागणारच. मी तिला खाण्यापिण्यास काही देऊ नये आणि ताबडतोब रुग्णालयात न्यावे असे सांगितले. कन्येने स्वतःच्या कानांपेक्षा वडिलांच्या पदवीवर अधिक विश्वास ठेवला.

गाडीत जावयांनी पुन्हा विचारले तेव्हा उलगडा झाला. ती ‘व्ह उहू’ म्हणत होती. ‘उहो’ म्हणजे कान. रुग्णालयातील डॉक्टरांनी कानात पाहिले. उजवा पडदा लाल होऊन फुगला होता. वेदनाशामक औषध मिळताच पोर झोपली. सुदैवाने माझ्या चुकीची किंमत तासाभराची तहान आणि सर्वांची धावपळ एवढीच होती. मात्र त्या रात्री मला झोप आली नाही. पोट आणि कान यांत गल्लत करणारा बालरोगतज्ज्ञ! सकाळी व्याकरणाचे पुस्तक उघडले आणि आपण नेमके कुठे चुकलो ते शोधू लागलो.

उच्चारांविषयी दोन शब्द

पुढे पोलिश शब्द देवनागरीत दिले आहेत. ‘व्ह’ म्हणजे ओठ दातांना लावून केलेला व. ‘व’ म्हणजे दोन्ही ओठांचा गोल व. ‘आत’ या अर्थाचा ‘व्ह’ कठोर व्यंजनापूर्वी आला तर त्याचा उच्चार ‘फ’ होतो. ‘ह’ किंचित घशातून काढावयाचा. ‘त्स’ आणि ‘द्झ’ हे ध्वनी परक्यांना अवघड जातात; आपल्याला नाही, कारण ‘चाक’मधील च आणि ‘जाड’मधील ज हे जवळजवळ तेच आहेत. ‘चिंच’मधील तालव्य चही पोलिशमध्ये वेगळा आहे. दोन प्रकारचे च जन्मापासून जिभेवर असलेल्या मराठी माणसाने पोलिशला घाबरण्याचे कारण नाही.

सप्तमीची ओळख

पोलिश भाषेत विभक्ती सात. आपल्या सप्तमीशी जुळणारी विभक्ती त्यांच्या क्रमात सहावी येते. तिचे नाव ‘म्येय्स्त्सोव्निक’; ‘म्येय्स्त्से’ म्हणजे जागा, त्यावरून हे नाव. तिचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा विशेष असा की, ती एकटी कधीच येत नाही. पोलिशमधील इतर विभक्ती कोणत्याही साहाय्यावाचून वाक्यात उभ्या राहू शकतात, सप्तमी नाही. तिच्याआधी एखादे अव्यय असावेच लागते. आपले शब्दयोगी अव्यय शब्दाच्या मागून येते, त्यांचे आधी येते. म्हणून सोयीसाठी मी त्याला पूर्वयोगी म्हणतो.

अशी पूर्वयोगी अव्यये मुख्यतः पाच. ‘व्ह’ म्हणजे आत. ‘ना’ म्हणजे वर. ‘प्शी’ म्हणजे जवळ. ‘पो’ म्हणजे नंतर. आणि ‘ओ’ म्हणजे विषयी. आपल्या व्यवसायातील उदाहरणे घ्यावयाची तर ‘फ श्पितालू’ म्हणजे रुग्णालयात, ‘ना स्कुझे’ म्हणजे त्वचेवर, ‘प्शी वुश्कू’ म्हणजे खाटेजवळ, ‘पो येद्झेन्यू’ म्हणजे जेवणानंतर. ‘ओ’चे उदाहरण नातीकडून घेतो : ‘बायका ओ स्मोकू’. ‘बायका’ म्हणजे गोष्ट आणि ‘स्मोक’ म्हणजे क्राकुफच्या व्हावेल टेकडीखालचा दंतकथेतील राक्षसी सर्प. (या ‘बायका’ शब्दावरून आमच्या घरात जो विनोद झाला तो येथे सांगत नाही.) गोष्टीविषयीच्या या ‘ओ’मध्ये जागेचा काही संबंध नाही, तरी विभक्ती सप्तमीच. किंबहुना पोलंडमधील शाळेत ही विभक्ती ओळखण्याचा प्रश्न ‘कुठे?’ असा नसून ‘ओ किम? ओ चिम?’ म्हणजे ‘कोणाविषयी? कशाविषयी?’ असा शिकवितात. आपलीही सप्तमी केवळ स्थळाची नाही. ‘सकाळी’, ‘दुपारी’, ‘मे महिन्यात’ येथे ती काळ दाखविते. पोलिशमध्येही ‘व्ह मायू’ म्हणजे मे महिन्यात आणि ‘व्ह नोत्सी’ म्हणजे रात्री.

शब्द वाकतो तो असा

आता दुसरा विशेष. कन्नडमध्ये ‘मने’ला ‘अल्लि’ जोडले की ‘मनेयल्ली’ झाले. मूळ शब्दाला धक्का लागत नाही, जोड देताना फार तर एखादा वर्ण मध्ये येतो. मराठीत तसे नाही. प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाला वाकावे लागते. घसा, घशात, मान, मानेत, पाठ, पाठीत, डोळा, डोळ्यात. या वाकलेल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. जावई मराठी शिकत आहेत. त्यांनी मला विचारले, ‘मान आणि पाठ दोन्ही अकारान्त, दोन्ही स्त्रीलिंगी, मग एकीचे माने आणि दुसरीचे पाठी का?’ मला उत्तर देता आले नाही. जन्मभर न चुकता बोलत आलो, पण कारण ठाऊक नव्हते. पोलिश माणसाचीही त्याच्या सप्तमीबाबत हीच स्थिती असते.

पोलिशमध्येही शब्द वाकतो आणि एकवचनात त्याचे तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ‘ए’चा. शब्दाच्या शेवटी कठोर व्यंजन असेल तर ‘ए’ लागतो आणि लागताना त्या व्यंजनाला मृदू, म्हणजे तालव्य करतो. ‘नोस’ म्हणजे नाक. नाकात म्हणजे ‘व्ह नोशे’. ‘लास’ म्हणजे जंगल. जंगलात ‘व्ह लेशे’. स चा श झाला. परभाषिकाला हे विचित्र वाटेल. आपल्याला वाटू नये. आपण घसा, घशात म्हणतो, मासा, माशात म्हणतो, पैसा, पैशात म्हणतो तेव्हा दुसरे काय करतो? कारणही एकाच जातीचे आहे. आपल्याकडे मध्ये डोकावणारा ‘य’ आणि त्यांच्याकडे प्राचीन काळचा पुढचा स्वर, दोघांनीही जिभेला टाळूकडे ओढले आणि स चा श झाला. असेच ‘गार्द्वो’ म्हणजे घसा, त्याचे ‘व्ह गार्द्ले’. ‘कोलानो’ म्हणजे गुडघा, त्याचे ‘फ कोलान्ये’. ‘ग्वोव्हा’ म्हणजे डोके, त्याचे ‘व्ह ग्वोव्ह्ये’. स्त्रीलिंगी शब्दांत क आणि ग यांचेही परिवर्तन होते : ‘रेन्का’ म्हणजे हात, ‘व्ह रेन्त्से’, ‘नोगा’ म्हणजे पाय, ‘व्ह नोद्झे’.

दुसरा मार्ग ‘ऊ’चा. पुल्लिंगी व नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटी क, ग किंवा ह असेल, अथवा व्यंजन मुळातच मृदू असेल, तर ‘ऊ’ लागतो आणि व्यंजन जसेच्या तसे राहते. ‘ओको’ म्हणजे डोळा, डोळ्यात ‘व्ह ओकू’. ‘सेर्त्से’ म्हणजे हृदय, ‘फ सेर्त्सू’. येथे मला माझी चूक सापडली. ‘ब्झुह’ पुल्लिंगी, ‘उहो’ नपुंसकलिंगी. प्रथमेत दोघांची रूपे एकमेकांपासून दूर आहेत, परंतु दोघांच्या शेवटी ‘ह’ असल्यामुळे सप्तमीत दोघांनाही ‘ऊ’ लागतो आणि दोघांचे शेपूट ‘हू’ असे एकच होते. ‘व्ह ब्झुहू’ आणि ‘व्ह उहू’. मी केवळ शेपूट ऐकले आणि डोके स्वतःच्या मनाने जोडले. वैद्यकात ज्याला आपण अपुऱ्या लक्षणांवरचे घाईचे निदान म्हणतो, ते मी व्याकरणात केले होते.

तिसरा मार्ग ‘इ’चा, मृदू व्यंजनान्त स्त्रीलिंगी शब्दांचा. ‘कोश्च’ म्हणजे हाड, हाडात ‘फ कोश्चि’. मघाचे ‘व्ह नोत्सी’ याच मार्गाचे.

अनेकवचन मात्र फार उदार आहे. तिन्ही लिंगांना बहुधा एकच प्रत्यय, ‘आह’. कानांत ‘व्ह उशाह’, हाडांत ‘फ कोश्चाह’. भारत देशाचे नाव पोलिशमध्ये अनेकवचनी आहे, ‘इंद्ये’. म्हणून भारतात म्हणजे ‘व्ह इंद्याह’.

मराठी वाचकाला ओळखीच्या वाटतील अशा आणखी दोन गोष्टी. पहिली, दीर्घाचे ऱ्हस्व होणे. आपले मूल, मुलात, फूल, फुलात, जीभ, जिभेवर. पोलिशमध्ये ‘स्तुव’ म्हणजे मेज, मेजावर ‘ना स्तोले’. ‘क्राकुफ’चे ‘फ क्राकोव्ह्ये’. आज ‘उ’ ऐकू येणारा हा स्वर एके काळी दीर्घ ‘ओ’ होता. शब्द वाढला की तो ऱ्हस्वच राहिला. दुसरी गोष्ट, मधला स्वर गळणे. आपले कापूस, कापसात, माणूस, माणसात. त्यांचे ‘पालेत्स’ म्हणजे बोट, बोटात ‘फ पाल्त्सू’. ‘जादेक’ म्हणजे आजोबा, आजोबांविषयी ‘ओ जात्कू’.

विशेषणही नामाबरोबर वाकते. आपण ‘उजवा कानात’ म्हणत नाही, ‘उजव्या कानात’ म्हणतो. पोलिशमध्ये ‘प्राव्हे उहो’ म्हणजे उजवा कान, त्याचे ‘फ प्राव्हिम उहू’. ‘प्राव्हा नोगा’ म्हणजे उजवा पाय, त्याचे ‘फ प्राव्हेय नोद्झे’. आपले ‘उजव्या’ सर्व लिंगांना चालते, त्यांचे लिंगाप्रमाणे बदलते, एवढाच फरक.

मणी नाकात गेला, मणी नाकात आहे

आतापर्यंत साम्ये पाहिली. आता जेथे मराठी माणूस हमखास अडखळतो ती जागा. लहान मुले नाकात मणी घालतात, हा आपल्या सर्वांचा अनुभव. आपण म्हणतो, ‘मणी नाकात गेला’ आणि ‘मणी नाकात आहे’. दोन्हीकडे ‘नाकात’. पोलिश भाषेला हे चालत नाही. वस्तू जागच्या जागी असेल तरच सप्तमी : मणी आहे ‘व्ह नोशे’. वस्तू तिकडे जात असेल तर विभक्ती बदलते : मणी गेला ‘दो नोसा’, ही त्यांची षष्ठी. ‘ना’चेही तसेच. मांजर मेजावर झोपले असेल तर ‘ना स्तोले’, सप्तमी. मेजावर उडी मारीत असेल तर ‘ना स्तुव’, द्वितीया. अव्यय तेच, पण शब्दाच्या रूपावरून मांजर झोपले आहे की उडी मारते आहे ते कळते. गती आणि स्थिती यांतील हा भेद मराठी क्रियापदावर सोपविते, पोलिश तो नामावरही कोरते. मी आजही येथे चुकतो आणि नात न कंटाळता दुरुस्त करते.

आणखी एक अडचण ‘व्ह’ की ‘ना’ याची. रुग्णालयात ‘फ श्पितालू’, परंतु विभागात ‘ना ओद्जाले’ आणि कामाच्या पाळीवर ‘ना दिझुझे’. शहरात ‘व्ह म्येश्चे’, पण खेड्यात ‘ना फ्शि’. बहुतेक देशांना ‘व्ह’ लागतो, तर बेटांना आणि काही शेजारी देशांना परंपरेने ‘ना’. युक्रेनलाही पूर्वापार ‘ना उक्राइन्ये’ असेच म्हणत. एखाद्या मोठ्या प्रदेशाच्या भागाविषयी बोलताना ‘ना’ वापरतात, तेव्हा त्या रूपातून स्वतंत्र देश सूचित होत नाही, असे अनेक युक्रेनियनांना वाटे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केल्यावर पोलिश भाषा परिषदेने ‘व्ह उक्राइन्ये’ या रूपाचा अधिक वापर करावा असे आवाहन केले आणि ते रूप आता पुष्कळ ऐकू येते. एका अक्षराच्या अव्ययात राष्ट्राचा मान गुंतलेला असू शकतो, हे सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळे समजावून सांगावे लागू नये.

दुखण्याची सप्तमी

‘माझे पोट दुखते’ हे पोलिशमध्ये सप्तमीवाचूनही सांगता येते. पोट हा कर्ता होतो, जसा आपल्याकडे ‘डोके दुखते’ येथे होतो. परंतु दुखणे आत कुठेतरी आहे, नेमके बोट ठेवता येत नाही, अशा वेळी पोलिश माणूस सप्तमीकडे वळतो. भुकेने पोटात गुरगुरले तर ‘बुर्चि मी व्ह ब्झुहू’. चक्कर आली तर ‘क्रेन्चि मी शे व्ह ग्वोव्ह्ये’, म्हणजे माझ्या डोक्यात फिरते आहे. घसा खवखवला तर ‘द्राप्ये व्ह गार्द्ले’, घशात ओरखडते आहे. कानांत गुंजारव होत असेल तर ‘शुमि व्ह उशाह’. अंग मोडून आले तर ‘वाम्ये फ कोश्चाह’, हाडांत मोडते आहे. या वाक्यांना कर्ताच नाही. कोण ओरखडते, कोण मोडते, काही सांगितलेले नाही. फक्त जागा सांगितली आहे. आपल्या ‘पोटात मुरडते’, ‘छातीत धडधडते’, ‘डोक्यात घणघणते’ या तक्रारी पाहा. त्यांतही कर्ता नाही आणि जागा आहे. वेदना कोण देते हे रुग्णाला ठाऊक नसते. ते शोधणे वैद्याचे काम. रुग्णाने जागा तेवढी सांगावयाची असते आणि तेवढ्यासाठी दोन्ही भाषांनी सप्तमी योजिली आहे.

दूरचे नाते

ही साम्ये पाहताना शाळेतील संस्कृतची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोलिश आणि संस्कृत या एकाच प्राचीन कुळातील भाषा. वन, वने, गृह, गृहे हा आपला ‘ए’ आणि ‘व्ह लेशे’मधील ‘ए’ एकाच मूळ प्रत्ययापासून आले आहेत. अनेकवचनातील ‘आह’ हा आपल्या शालासु, मालासु यांतील ‘आसु’चा सगोत्र, स चा ह होणे आपल्याला सिंधू आणि हिंदू या जोडीवरून परिचित आहे. जर्मनी आणि हंगेरी यांच्या नावांत ‘व्ह न्येम्चेह’, ‘ना व्हेंग्झेह’ असा ‘एह’ दिसतो, तो जुन्या रूपांचा अवशेष होय. ‘व्हेंग्झेह’मधील ‘एह’चा सोयरा म्हणजे आपल्या वनेषुमधील ‘एषु’.

सर्वांत गंमत अपवादांची. ‘दोम’ म्हणजे घर, ‘सिन’ म्हणजे मुलगा. नियमाप्रमाणे त्यांना ‘ए’ लागावयास हवा. प्रत्यक्षात होते ‘व्ह दोमू’, ‘ओ सिनू’. विद्यार्थी हे अपवाद म्हणून घोकतात. पण हे दोन्ही शब्द मुळात उकारान्त होते. संस्कृतात पुत्राला ‘सूनु’ म्हणतात आणि गुरुचे जसे गुरौ, तसे सूनुचे सप्तमीत सूनौ. ‘सिनू’मधील ‘ऊ’ हा त्या ‘औ’चा भाऊ. अपवाद वाटणारे शब्दच जुन्या नियमाशी प्रामाणिक राहिले. पुढे त्यांचाच ‘ऊ’ ‘ब्झुह’ आणि ‘उहो’ यांसारख्या इतर शब्दांनी उसना घेतला. म्हणजे माझ्या चुकीची मुळे शोधत गेलो तर ती ‘सूनु’पर्यंत पोहोचतात!

दोन्ही भाषांच्या वाटा नंतर मात्र वेगळ्या झाल्या. प्राचीन स्लाव भाषांत ही विभक्ती क्वचित अव्ययावाचूनही येई. पोलिशने ती सवय पूर्ण सोडली. आपण जुन्या सप्तमीची खूण ‘घरी’, ‘दारी’ अशा मोजक्या रूपांत राखली आणि एरवी ‘त’ला जवळ केले. त्यांनी आधार शब्दाच्या पुढे ठेवला, आपण मागे.

‘फ कोल्हापुझे’

या भाषेचा आपल्या मुलखाशी एक जुना संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावून सोव्हिएत रशियातून बाहेर पडलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. त्यांत बहुतांश स्त्रिया आणि मुले होती. त्याआधी, १९४२ साली, जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोलिश मुलांना आसरा दिला होता. वळिवड्यात त्या मुलांच्या शाळा भरत आणि त्यांचे व्याकरण पोलिशच असे. छावणीतील वर्षांविषयी लिहिताना पोलिश माणसे ‘फ कोल्हापुझे’ असे लिहितात, म्हणजे कोल्हापुरात. पोलिश ‘ए’ लागून आपल्या कोल्हापूरच्या ‘र’चा ‘झ’ झाला. बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे आपले गाव असे वाकलेले पाहून मला प्रथम हसू आले. मग वाटले, परके नाव लोक सहसा जसेच्या तसे ठेवतात. वारंवार जिभेवर येणारे नावच घरच्या शब्दासारखे वाकते. जेथे पाच वर्षे शाळा, ताप, गोवर आणि सण झाले, त्या गावाला सप्तमी लागल्यावाचून कशी राहील?

समारोप

मुलांना हे नियम कोणी शिकवीत नाही. ती ऐकतात, चुकतात, सुधारतात. नात दोन वर्षांची असताना पूर्वयोगी अव्यय गाळून नुसते वाकलेले रूप बोले. अव्यय नंतर आले. मराठीत ती कालपरवापर्यंत ‘घसात दुखतं’ म्हणत असे आणि मी तिला मुद्दाम सुधारले नाही. माझे ‘व्ह नोसू’ ऐकून ती ‘व्ह नोशे, आजोबा!’ असे शिक्षिकेच्या थाटात सांगते.

परभाषिक मुलांवर उपचार करणाऱ्या सहकाऱ्यांना एकच विनंती करावीशी वाटते. मुलाच्या भाषेतील ‘कुठे?’ हा प्रश्न शिकला म्हणजे काम संपत नाही. उत्तरात अवयवाचे नाव ज्या रूपात येते, ते रूप शिकावे. पुस्तकात ‘घसा’ असतो, मूल ‘घशात’ म्हणते. पुस्तकात ‘उहो’ असते, मूल ‘उहू’ म्हणते. आणि शंका असेल तेव्हा मुलाला बोट ठेवून दाखवावयास सांगावे. त्या रात्री मी एवढे केले असते तरी पुरे होते.

मागच्या महिन्यात नातीला पुन्हा सर्दी झाली. पडद्यावर आली तेव्हा आवाज बसलेला होता. मी विचारले, ‘ग्जे बोली?’ ती क्षणभर थांबली. माझ्याकडे पाहून तिने मनाशी काहीतरी ठरविले असावे. मग गळ्यावर बोट ठेवून स्पष्ट मराठीत म्हणाली, ‘आजोबा, घशात.’